जिऱ्याच्या कोयी

झाडाला चौदा मोठ्या फांद्या होत्या. त्यांतल्या तीन मी पूर्ण मोजल्या. एकीवर एकशे दोन आंबे, दुसरीवर सत्त्याहत्तर, तिसरीवर सत्तर. सरासरी त्र्याऐंशी. त्याला चौदाने गुणलं.

"अकराशे बासष्ट," मी म्हणाले आणि वहीतल्या आकड्याभोवती चौकट काढली. मान इतकी दुखत होती की खाली बघायलाच बरं वाटत होतं.

गंगाराम रेवाळे खोडाला टेकून तंबाखू मळत उभे होते. आजूबाजूच्या पाच गावांतले आंबे उतरवायचं काम त्यांच्याकडे असे. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि परत खोडाशी आले.

"साडेनऊशे," ते म्हणाले. "पाच-दहा इकडंतिकडं."

"मोजलेत का तुम्ही?"

"बगितले."

"मी दोन तास मोजतेय, रेवाळेकाका."

"ते पण बगितलं."

टपरीच्या बाकड्यावर बसलेली सायमा भजी खाता खाता हसली. "लावा पैज," ती म्हणाली. "आमच्या मॅडम एम.एस्सी. आहेत."

"लावू की. मी जिंकलो तर पन्नास आंबे. माझ्या पसंतीचे."

"आणि हरलात तर?" मी विचारलं.

"उतरवायची मजुरी सोडली."

"मजुरी नाही सोडायची. हरलात तर मला झाडावर चढायला शिकवायचं."

रेवाळेकाकांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पैज कबूल केली. त्यांच्या पाठीमागे खोडावर पांढऱ्या रंगात आकडा रंगवलेला होता: २१७.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वर्ध्याहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन रत्नागिरीच्या बाजूला, आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. सायमा होडेकर तिथेच हिशेब विभागात होती. आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. प्रोबेशन संपून आम्ही दोघी एकाच महिन्यात कायम झालो आणि आमच्या हातात पहिला बोनस आला. सायमाने दुसऱ्याच दिवशी फोन घेतला. मी काहीच घेतलं नाही.

स्वतःवर खर्च करायला माझी ना नव्हती. फक्त मला कळत नव्हतं की कशावर करायचा. म्हणून मी एक पद्धत काढली होती. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली की वहीत तीन ओळी लिहायच्या: ही मला का हवी आहे, माझे पैसे नेमके कोणाच्या हातात जाणार, आणि वर्षभराने मला ही आठवेल का. सायमा याला माझा प्रबंध म्हणायची. चार महिन्यांत या प्रबंधाने एक फोन, एक घड्याळ, दोन ड्रेस आणि गोव्याची सहल नापास केली होती.

"तू एक दिवस मरशील आणि तुझ्या वहीत सगळं नापास निघेल," सायमा म्हणाली होती. "अगं, लाड करायचेत स्वतःचे. इन्कम टॅक्स नाही भरायचा."

मग एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही सायमाच्या स्कूटरवरून फिरायला निघालो आणि हायवेच्या एका वळणावर इंदूकाकू भुवडांच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवर या झाडाची सावली होती. माझ्या ग्लासाशेजारी, हातभर अंतरावर, एक आंबा पडला. लहान, हिरवट पिवळा, लिंबापेक्षा थोडा मोठा. काकू म्हणाल्या, "पाड लागला वाटतं. खा, खा." म्हणजे झाडावर पहिले आंबे पिकायला लागले होते.

मी कारखान्यात रोज चाळीस नमुने चाखत असे. सगळे हापूस. दहा महिन्यांत माझ्या जिभेला आंब्याचा कंटाळा आला होता. हा आंबा मी देठाशी चोखला आणि थांबले. आधी नुसता गोड. मग घशाकडे जाताना भाजलेल्या जिऱ्यासारखा वास, आणि सगळं संपल्यावर जिभेच्या टोकाला एक बारीक आंबटपणा. मी पिशवीतून रिफ्रॅक्टोमीटर काढला. रसातली साखर मोजायची ती पेनाएवढी दुर्बीण तेव्हा कायम माझ्यासोबत असे. एक थेंब काचेवर टाकला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. तेवीस पूर्णांक आठ. त्या आठवड्यात आमच्या हापूसची सरासरी एकोणीस होती.

"सायमा, तेवीस पूर्णांक आठ."

"मुबारक हो," सायमा म्हणाली. "भजी घे."

"याला काय म्हणतात, काकू?"

"जिऱ्या. रायवळ हाय तो, आपसूक उगवलेला, पण नाव हाय त्याला." काकू ग्लास विसळत होत्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. "आता पंधरा दिवसांत जाईल. रस्ता रुंद होतोय. आकडा टाकलाय बग खोडावर. पैशे पण मिळाले. टपरी तिकडं वर सरकवतेय."

"याचं कलम नाही केलं कोणी?"

"दोनदा केलं. दोन माणसं बोलावली, पैशे दिले. धरलं नाय." त्यांनी ग्लास उपडा ठेवला. "संपला म्हणायचं आता."

हे बोलताना त्या झाडाकडे बघत नव्हत्या. मी बघत होते. मी वही काढली आणि तीन ओळी लिहिल्या. पहिली: असा आंबा मी कधी खाल्लेला नाही. दुसरी: पैसे इंदूकाकू भुवड आणि उतरवणारे यांच्या हातात. तिसरी ओळ लिहायला लागले आणि नुसतंच 'हो' लिहिलं.

"काकू, हे झाड उक्तं कोणी घेतलंय का?"

उक्तं म्हणजे झाडावर असेल नसेल त्याचे एकरकमी पैसे द्यायचे, मग निघतील ते आंबे आपले. व्यापारी तसंच घेतात, हे मला कारखान्यात कळलं होतं.

"एक जण साडेतीन हजार देतो म्हणालाय. लोणच्याला."

"मी साडेचार देते."

काकूंनी हात पुसले. "तू एकटी पोरगी. एवडे आंबे काय करशील? आणि जास्त का देतंस?"

"तो व्यापारी याला काय म्हणणार?"

"काय म्हणणार? रायवळ. सगळ्यात मिसळणार."

"मी जिऱ्या म्हणणार. म्हणून एक हजार जास्त."

सायमाने भज्यांची बशी बाजूला ठेवली. "साडेचार हजार," ती हळू म्हणाली. "प्रांजल, साडेचार हजारांत हेडफोन येतात. चांगले येतात."

"हेडफोन चोखता येतात का?"

काकू पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी रेवाळेकाकांना फोन केला आणि मी मान वर करून फांद्या मोजायला लागले. पैजेपर्यंतची गोष्ट सांगितलीच आहे.

पुढच्या रविवारी आंबे उतरवले. मी आदल्या रात्री नीट झोपले नव्हते. लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री जसं व्हायचं, तसं झालं होतं. रेवाळेकाका अनवाणी चढले आणि बघता बघता शेंड्याला गेले. लांब काठीच्या टोकाला जाळी लावलेली त्यांची घळ एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर फिरत होती, आणि ती भरली की दोरीने खाली येत होती. मी आणि सायमा आंबे देठासकट घेऊन, चीक निथळायला ठेवून, क्रेटमध्ये लावत होतो. प्रत्येक पन्नासाला मी वहीत एक रेघ मारत होते. काकू टपरी सांभाळत मधूनच येऊन विचारत होत्या, "किती झाले गो?"

"सातशे."

"आठशे पन्नास."

मग रेवाळेकाका वरूनच म्हणाले, "झालं. शेंड्याला पाखरांचे चार ठेवलेत." आणि खाली आले.

मी उरलेले मोजले. दोनदा मोजले. सायमाला एकदा मोजायला लावले.

"नऊशे चौपन्न," सायमा म्हणाली. "मॅडम, तुमची एम.एस्सी. कुठल्या साली झाली?"

मला खरोखर धक्का बसला होता. दोनशे आठ आंबे मी हवेत मोजले होते. "कसं काय?" मी रेवाळेकाकांना विचारलं.

ते पाय धूत होते. "तुमी तीन फांद्या मोजल्यात त्या खालच्या. उन्हाकडच्या. जिथवर मान पोचली तिथवर. वरती, सावलीला, एवडं धरत नाय ओ." मग जरा विचार करून, माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "तुमचा गुणाकार बरोबर होता."

त्यांनी पन्नास आंबे निवडले. एकेक हातात घेऊन, वास घेऊन, पोत्यात ठेवून. मी पैज हरले होते आणि तरीही त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून मोठमोठ्याने गाणी म्हणत होते. माझ्या मालकीचे नऊशे चार आंबे होते. माझ्या आयुष्यात माझ्या मालकीचं इतकं काहीच नव्हतं.

काकूंच्या मागच्या खोलीत आढी घातली, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकायला ठेवले. आठव्या दिवशी दार उघडलं तर वास रस्त्यापर्यंत आला. पुढचे पाच दिवस आम्ही जे केलं त्याला मी आजही सुट्टी म्हणते, जरी मी रोज कामावर जात होते. कामावरून सुटले की थेट टपरी. सायमाने पाटीवर खडूने लिहिलं: 'आज जिऱ्या'. चहाबरोबर एक आंबा फुकट. ट्रकवाले थांबायचे, एक खायचे, दुसरा मागायचे. एक जण म्हणाला, "ह्याच्यात मसाला टाकलाय काय?" काकू म्हणाल्या, "झाडानं टाकलाय." दोन संध्याकाळी आम्ही रस काढून ताटांत साठं घातली, म्हणजे आंब्याची पोळी वाळत घातली. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. मी किती आंबे खाल्ले, फक्त तेवढंच मोजलं नाही.

अट एकच होती. आंबे कुणीही खा, कोय मला परत. टपरीवर पाण्याची बादली ठेवली होती आणि मी ट्रकवाल्यांच्या मागे उभी राहून कोयी गोळा करत असे. सायमाने एक कोय आमच्या खोलीच्या खिडकीतून फेकली तर मी खाली जाऊन शोधून आणली.

"हे कशासाठी?" तिने विचारलं.

"नोंद करायची. झाड जाणार आहे. निदान कागदावर तरी पूर्ण असायला हवं. फळाचं वजन, गर किती टक्के, साखर किती, कोय किती. ओली आणि कोरडी."

"मग दहा-वीस घे. आठशे कशाला?"

"नमुना घेऊन एकदा तोंडघशी पडलेय मी. आता सगळ्या."

काही आंबे कुजले होते. ते सोडून आठशे त्र्याहत्तर कोयी जमल्या. त्या मी घासून धुतल्या, एकेकीचं वजन केलं आणि वरिष्ठांची परवानगी काढून कारखान्याच्या वाळवणीच्या यंत्रात ठेवल्या. सत्तर अंश, अठ्ठेचाळीस तास. कोरडं वजन काढायची हीच रीत. मग पुन्हा एकेकीचं वजन. सरासरी एकवीस पूर्णांक चार ग्रॅम. तो तक्ता तीन पानांचा झाला. मथळ्यावर मी 'जिऱ्या' असं लिहिलं आणि खाली लहान अक्षरांत 'झाड क्रमांक २१७'. इतकं सुंदर काम मी पदवीलाही केलं नव्हतं.

तो तक्ता घेऊन मी रविवारी काकूंकडे गेले. स्कूटर वळणावर आली आणि सायमाने ब्रेक दाबला. टपरी जागेवर नव्हती. झाडही नव्हतं. जमिनीलगत एक गोल उरला होता, ओला, फिकट लालसर. मोठं ऊन पडलं होतं तिथे.

काकूंची टपरी दोनशे पावलं वर, उघड्यावर मांडलेली होती. पत्र्याखाली त्या घामाने निथळत होत्या.

"काल पाडलं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासात. बस. चहा घे."

मी तक्ता पुढे केला. मग वाचूनच दाखवला. फळाचं सरासरी वजन, गर, साखर. काकू ऐकत होत्या. कोयीच्या कोरड्या वजनावर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोरड्या म्हंजे वाळवल्यास?"

"हो. यंत्रात. सगळ्या."

"बरं केलंस. नायतर टाकशील तिथं रान माजतं. हापूसची कोय टाकली तर एक कोंब येतो. ह्याचा मेल्याचा एका कोयीतून चार-चार, पाच-पाच. झुबकाच. दर साली उपटून उपटून माझी कंबर गेली."

मी ग्लास खाली ठेवला.

"एका कोयीतून चार?"

"चार, पाच. कदी तीन."

"नक्की? एकाच कोयीतून? दोन कोयी जवळजवळ पडल्या असतील."

"मी तीस वर्सं उपटतेय गो."

सायमाने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की काहीतरी झालंय. "काय?" ती म्हणाली. "बोल की."

मी बोलले. फार भरभर बोलले. म्हणाले, "काकू, साधारणपणे आंब्याच्या कोयीत एकच कोंब असतो. तो म्हणजे दोन झाडांचं मूल. आई कशी का असेना, मूल कसं निघेल ते सांगता येत नाही. म्हणून रायवळाची कोय कुणी मुद्दाम लावत नाही. मीही म्हणूनच लावायचा विचार केला नाही. पण काही आंबे असे असतात की कोयीत एका कोंबाऐवजी पुष्कळ असतात. आणि ते जास्तीचे कोंब मूल नसतात. ते आईच्याच अंगाचे असतात. त्यांतला एखादा वेगळा निघू शकतो, पण बाकीचे म्हणजे तेच झाड. कलम केल्यासारखं. कलम न करता."

काकूंनी स्टोव्ह बारीक केला. "तेच म्हंजे? हाच जिऱ्या?"

"हाच."

"चव पण हीच?"

"हीच."

काकू टपरीच्या कडेला आल्या. वळणाकडे, त्या गोलाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मंग वाळवल्यास कशाला गो?"

आंब्याची कोय वाळली की मरते. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते आणि परीक्षेत लिहिलं होतं. आठशे त्र्याहत्तर कोयी मी धुऊन, मोजून, सत्तर अंशांवर मारल्या होत्या. एकही चुकवली नव्हती.

"तुमच्याकडे एखादी?" सायमाने काकूंना विचारलं. "टपरीमागे, कुठे पडलेली?"

"ही ठेवू देत होती काय? बादली घेऊन उभी असायची माज्या डोक्यावर."

"झाडाखाली पडलेले? पाड?"

"काल मशीन फिरलं तिथं. माती सुदिक नेली भरून."

मी वहीची पानं मागे उलटत गेले. नऊशे चौपन्न उतरवले. आठशे त्र्याहत्तर कोयी. एकतीस कुजके, ते मी स्वतः कारखान्याच्या भट्टीत टाकलेले. बेरीज नऊशे चार. आणि त्याच्या वरच्या ओळीत, पैजेच्या दिवशी रागाने लिहिलेलं: 'वजा पन्नास'.

"सायमा, स्कूटर काढ."

"कुठे?"

"रेवाळेकाका."

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह बंद केला, एका ट्रकवाल्याला म्हणाल्या, "चहा गाळून घे रे, पैशे डब्यात टाक," आणि आमच्या मागे तिसऱ्या बसल्या. सायमाने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला असावा. चार किलोमीटर तिने तोंडाने काहीतरी पुटपुटत काढले.

रेवाळेकाका अंगणात घळीची जाळी विणत होते. आम्ही तिघी एका स्कूटरवरून उतरलेल्या बघून ते उठून उभे राहिले. "काय झालं? कोण गेलं?"

"काका, आंबे खाल्लेत?"

"कंचे?"

"जिऱ्या. पन्नास."

"खाल्ले की. जिंकले होते." ते जरा सावध झाले. "परत पायजेत काय?"

"कोयी. कोयी कुठे आहेत?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. "वयनी, ह्यांना ऊन लागलं काय?"

"सांग रे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "कुठं टाकल्यास सांग."

"बारा आंबे पोरीकडं धाडले, चिपळुणाला. पाच शेजारी दिले. बाकीचे आमी खाल्ले. कोयी काय, शेणखताच्या खड्ड्यात."

"तेहतीस," मी म्हणाले.

"आता ही बरोबर मोजते," रेवाळेकाका म्हणाले आणि फावडं आणायला वळले.

"फावडं नको. तुटतील."

खड्डा गोठ्यामागे होता. मी बाह्या वर केल्या आणि गुडघ्यांवर बसले. वरचा थर वाळलेला होता, खालचा ओला आणि कोमट. पहिली कोय हाताला लागली तेव्हा मी ओरडले असेन, कारण गोठ्यातली म्हैस उठली. कोय शेणाने माखलेली, जड, ओली. जिवंत कोयीचं वजन हातालाच कळतं. त्या क्षणी तरी मला तसं वाटलं.

"एक," मी म्हणाले.

काकू पदर खोचून माझ्या शेजारी बसल्या. "दोन. ही बग, तीन."

सायमा काठावर उभी होती, ओढणी नाकाला लावून. "फोन घेतला असतास," ती म्हणाली, "तर आत्ता हात शेणात नसते." मग तिने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि उतरली. "सरक जरा."

तासाभरात एकोणतीस निघाल्या. उरलेल्या चार म्हशीने चघळल्या असाव्यात, असं रेवाळेकाकांचं मत पडलं. एकोणतिसातल्या सहा फुटलेल्या आणि आतून काळ्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या. तेवीस राहिल्या. सायमाने आपली ओढणी पसरली आणि तिच्यात त्या बांधल्या. ओढणी नवी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "लिही वहीत. माझा प्रबंध."

नव्या टपरीमागे पत्र्याच्या सावलीत आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरली आणि एकेका पिशवीत एकेक कोय लावली. मला एखादी फोडून आत बघायचं होतं. टरफल कापलं की आत एक अखंड दाणा आहे की पुष्कळ तुकडे, ते लगेच दिसलं असतं. मी खिशातून चाकू काढलाही. काकूंनी माझं मनगट धरलं.

"आता काय मोजू नको."

"फक्त एक फोडते. एक नमुना."

"नाय. उगवस्तवर उकरायचं नाय, फोडायचं नाय, तोलायचं नाय. पाणी मी घालीन. तू येऊ पण नको."

"येऊ पण नको?"

"तू आलीस की उकरशील."

त्या बरोबर होत्या. मी गेले नाही. बोनसातले पैसे अजून बरेच शिल्लक होते. सायमाने एकदाही विचारलं नाही की त्यांचं काय घेणार. मी रोज कारखान्यात चाळीस नमुने चाखले, रोज संध्याकाळी कॅलेंडरवर एक फुली मारली. दहाव्या दिवशी मी काकूंना फोन केला, त्यांनी "नाय" एवढंच म्हणून ठेवला. चौदाव्या दिवशी उचललाच नाही. सोळाव्या दिवशी सायमा म्हणाली की मी झोपेत आकडे बोलते.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, मी प्रयोगशाळेत असताना त्यांचाच फोन आला. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"ये," काकू म्हणाल्या. "आणि वही आण."

कोयी लावल्या तेवीस. उगवल्या सतरा. कोंब एकसष्ट.